लोकमान्यनगरचा थांबा : इंदूरच्या मराठी वस्तीचा इतिहास

इंदूरहून महूकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहर सुटण्याआधीच तीन लहान थांबे लागतात : सैफीनगर, लोकमान्यनगर आणि राजेंद्रनगर. त्यानंतर राऊ आणि वीसेक किलोमीटरांवर महू. सैफीनगर ही बोहरा समाजाची वसाहत, हे नावावरूनच कळते. लोकमान्यनगर आणि राजेंद्रनगर या वसाहती मराठी कुटुंबांच्या म्हणून शहरात ओळखल्या जातात. महूच्या स्थानकाला आता ‘डॉ. आंबेडकरनगर’ असे नाव आहे. महाराष्ट्राच्या सीमेपासून दूर, माळव्याच्या पठारावर, एकाच छोट्या मार्गावर लोकमान्य टिळक आणि बाबासाहेब आंबेडकर या दोघांच्या नावांची स्थानके असावीत, ही गोष्ट आपल्या सीमाभागातील वाचकाला थांबून विचार करायला लावणारी आहे.

लोकमान्यनगरात उतरून पाट्या वाचू लागलात तर मात्र काहीच उमगत नाही. घरावर ‘मातृछाया’ लिहिलेले असते, मंदिरावर ‘श्रीराम मंदिर’, दुकानावर दुकानदाराचे नाव. ही मराठी की हिंदी? लिपी एकच, शब्द तेच. बेळगाव, निपाणी, खानापूर, बिदर, कारवार येथे आपण ज्या झगड्यात आयुष्य घालवले, तो झगडा डोळ्यांना दिसणारा आहे. आपल्या फलकावरचे अक्षर बदलले की लहान मुलालाही कळते. इंदुरात अक्षर बदलावे लागत नाही. मराठी तेथे राहिली काय आणि गेली काय, भिंतीवर त्याची खूण उमटत नाही. इंदूरच्या मराठी समाजाचा इतिहास मला सांगावासा वाटतो तो याच कारणासाठी. बंदी न येता, मोर्चा न निघता, एक राजभाषा घरभाषा कशी झाली, याचा तो दाखला आहे.

इंदूर हे गाव मराठ्यांनी वसवले नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. खान आणि सरस्वती या नद्यांच्या काठची जुनी वस्ती इंद्रेश्वराच्या मंदिरावरून नाव घेऊन उभी होती. कंपेल हे परगण्याचे ठाणे होते. तेथील जमीनदार राव नंदलाल चौधरी मंडलोई यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंदूरला पेठ वसवली आणि व्यापाराला आश्रय दिला. त्या भागाला आजही ‘जुनी इंदूर’ म्हणतात. ‘जुनी’ हा शब्द मालवी बोलीतही आहे, तेव्हा तो केवळ आपला असा दावा मी करणार नाही. मात्र ‘इंदूर’ आणि ‘इंदौर’ हा ऊकार-औकाराचा भेद घ्यायला हरकत नाही. एकाच गावाचे मराठी नाव आणि हिंदी नाव यांत उरलेली ही जवळजवळ एकमेव डोळ्यांना दिसणारी खूण आहे.

१७३० नंतरच्या काही वर्षांत माळव्यातील मोठा मुलूख सुभेदार मल्हारराव होळकरांकडे आला. त्यांच्यामागे आले ते शिलेदार, बारगीर, धनगर, कारकून, भिक्षुक, वैद्य, सराफ, आणि त्यांच्या बायकामुलांसह एक पूर्ण समाज. शहराच्या नकाशावर हा समाज अजून वाचता येतो. मल्हारगंज. जिन्सी, म्हणजे तोफखान्याची जागा. कडाबीन, म्हणजे त्या नावाच्या आखूड बंदुकांची आठवण. बक्षी गल्ली. रामबाग, नारायणबाग. छत्रीपुरा. विठोबाच्या मंदिरावरून पंढरीनाथ हे नाव पडलेला भाग आणि त्याच नावाचे पोलीस ठाणे. फिर्यादीच्या मथळ्यावर पंढरीनाथाचे नाव असलेले ठाणे आपल्या पंचक्रोशीत मी तरी पाहिलेले नाही.

राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. त्याला तीन वेळा आग लागली. त्यांपैकी १८०१ सालची आग आपल्या स्वाभिमानाला टोचणारी आहे, कारण ती लावणारी फौज शिंद्यांची आणि तिचा सरदार सर्जेराव घाटगे होता. मराठी बोलणाऱ्या फौजेने मराठी बोलणाऱ्यांचे शहर लुटले आणि जाळले. भाषा एक असली म्हणजे हितसंबंध एक असतात, असे मानणाऱ्यांनी ही नोंद विसरू नये. दुसरी आग १९०८ ची, तिसरी १९८४ च्या दंगलीतली.

शहराला राजधानीपण आले ते पराभवातून. अहिल्याबाईंची गादी महेश्वरला होती. त्या १७९५ मध्ये गेल्या. पुढे यशवंतरावांचा धामधुमीचा काळ आला आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या रणांगणावर होळकरांची फौज इंग्रजांपुढे मोडली. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहावर होळकरांच्या बाजूने सही करणारे तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे. त्यांनीच पुढे राज्याची विस्कटलेली घडी बसवली आणि इंदूर हे कायमचे राजधानीचे ठिकाण झाले. लढाईचे दिवस संपले आणि कागदाचे सुरू झाले. इंदूरच्या मराठी समाजाचा खरा विस्तार या कागदाच्या काळातला आहे. तलवार चालवणाऱ्यांच्या मागे लेखणी चालवणारे आले आणि संख्येने नव्हे तरी वजनाने वरचढ ठरले. किब्यांचे नाव आजही ‘किबे कंपाउंड’ म्हणून शहरात आहे.

या कागदांतला एक शब्द वकील म्हणून मला विशेष प्रिय आहे : ‘खासगी’. आज आपण तो ‘सार्वजनिक नसलेले’ एवढ्याच अर्थाने वापरतो. होळकरांच्या कारभारात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ अशी उत्पन्नाची दोन वेगळी खाती होती. दौलत म्हणजे राज्याचा वसूल, फौज आणि खर्च. खासगी म्हणजे राणीकडे सोपवलेले स्वतंत्र उत्पन्न. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे अशी जहागीर दिली. तीच पुढे अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरपर्यंतची मंदिरे, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे यांचा खर्च या खात्यातून झाला, राज्याच्या तिजोरीतून नव्हे. सत्ताधारी स्त्रीने स्वतःचा पैसा आणि रयतेचा पैसा यांत रेघ ओढावी आणि ती हिशेबाच्या वहीत पाळावी, ही गोष्ट देवळांच्या संख्येपेक्षा मला मोठी वाटते.

संस्थान विलीन होताना या खासगीचे काय करायचे, हा प्रश्न आला. मध्य भारत संघाशी झालेल्या करारात असे ठरले की खासगीच्या मालमत्ता व उत्पन्न कायमचे सरकारजमा समजावे आणि त्याबदल्यात सरकारने दरवर्षी २,९१,९५२ रुपये धर्मादायासाठी द्यावेत. त्यातून १९६२ साली देवी अहिल्याबाई होळकर खासगी ट्रस्ट झाला. पुढे काही मालमत्तांच्या विक्रीवरून वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेले आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात. २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की या ट्रस्टला मध्य प्रदेशचा १९५१ चा सार्वजनिक न्यास अधिनियम लागू होतो. म्हणजे ज्या संस्थेच्या नावातच ‘खासगी’ आहे, ती कायद्याने सार्वजनिक ठरली! निकालपत्र इंग्रजीत आहे, पण तो शब्द कोणाला भाषांतरित करता आलेला नाही. अठराव्या शतकातल्या मराठी दप्तरातला एक शब्द एकविसाव्या शतकातल्या सर्वोच्च न्यायालयात जसाच्या तसा उभा राहतो, याला मी भाषेचे टिकणे म्हणतो. मात्र हे टिकणे कागदातले आहे, तोंडातले नव्हे.

दप्तराचीच गोष्ट पुढे न्यायची तर लिपीकडे वळावे लागते. होळकरांचा मराठी पत्रव्यवहार आणि हिशेब मोडीत असत. मोडीचा कागद आणि देवनागरीतला हिंदी कागद समोरासमोर ठेवले तर निरक्षर माणसालाही ते दोन वेगळे वाटतील. मोडीची अक्षरे डोक्यावरच्या एका लांब रेघेखाली वळणे घेत, एकमेकांत मिसळत धावतात. तोवर इंदुरात मराठीला स्वतःचे दृश्य रूप होते. छापखाना आला तो बाळबोध घेऊन. शाळेची पुस्तके, वर्तमानपत्रे, जाहीरनामे बाळबोधीत छापले गेले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतूनही गेली. महाराष्ट्रात या बदलाने सोय झाली. इंदुरात मात्र मराठीचा पोशाखच शेजारणीसारखा झाला. मोडी वाचणारी माणसे कमी झाली तशी दप्तरेही मुकी झाली. वा. वा. ठाकूर यांच्यासारख्या संपादकांनी १९४० च्या दशकात ‘होळकरशाहीच्या इतिहासाची साधने’ छापून काढली, म्हणून निदान काही कागद तरी बोलते राहिले.

या शेजारपणात वैर नव्हते, हे सांगितले नाही तर चित्र खोटे होईल. दोन जोड्या पाहा. १९१७ साली इंदुरात मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष गणेश जनार्दन आगाशे. दुसऱ्याच वर्षी, १९१८ मध्ये, त्याच शहरात हिंदी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष महात्मा गांधी. दक्षिणेत हिंदीचा प्रचार करण्याची मोहीम त्या इंदूरच्या अधिवेशनातून निघाली. पुन्हा १९३५ साली इंदुरात मराठी साहित्य संमेलन झाले, अध्यक्ष औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी, आणि त्याच वर्षी इंदुरातच हिंदी साहित्य संमेलन, अध्यक्ष पुन्हा गांधीजी. मराठी राजाच्या शहरात हिंदीच्या राष्ट्रीय विस्ताराचा पाया घातला गेला. दरबारात दोन्ही भाषा चालत होत्या आणि मराठी मंडळींना त्यात काही गमावल्यासारखे वाटले असेल, असे मला वाटत नाही. ज्याच्या हाती सत्ता असते त्याला भाषेची चिंता करावी लागत नाही. आपल्याकडे ती चिंता करावी लागली, कारण सत्ता हाती नव्हती. २००१ साली इंदुरात पुन्हा मराठी संमेलन भरले, विजया राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली. तोपर्यंत काय काय बदलले होते, ते पुढे येईलच.

महाराष्ट्रातून बसने इंदूरला जाणारा माणूस बहुधा सरवटे बसस्थानकावर उतरतो. हे सरवटे म्हणजे विनायक सीताराम उर्फ तात्या सरवटे. ते मध्य भारतातर्फे संविधान सभेचे सदस्य होते. भारताच्या संविधानावर त्यांची सही आहे. त्याच सरवट्यांनी ‘मराठी साहित्य समालोचन’ हा मराठी वाङ्मयाचा विस्तृत आढावा लिहिला. इंदुरात बसून मराठी वाङ्मयाचा लेखाजोखा मांडणारा माणूस देशाच्या घटनेवर सही करतो आणि पुढच्या पिढ्यांना तो बसस्थानकाच्या फलकावरून तेवढा माहीत असतो! त्यांच्या कन्या शालिनीताई मोघे यांनी १९४७ मध्ये बालनिकेतन संघाची स्थापना केली आणि इंदुरात बालशिक्षणाची परंपरा उभी केली. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आडनावाचाच विषय निघाला म्हणून एक उपकथा. याच शहरातले दुसरे सरवटे म्हणजे क्रिकेटपटू चंदू सरवटे. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला, त्यातले ते एक आधारस्तंभ. १९४६ मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध त्यांनी आणि शुटे बॅनर्जी यांनी शेवटच्या जोडीसाठी २४९ धावा केल्या. पोटापाण्यासाठी ते बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. न्यायालयात ठशांवर साक्ष देणारा कसोटीपटू उलटतपासणीला मिळावा, हे कोणत्याही वकिलाचे स्वप्न असेल.

या समाजाने हिंदीला काय दिले, याचा हिशेब मराठीत फारसा मांडला गेलेला नाही. गजानन माधव मुक्तिबोध इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि हिंदी कवितेतले एक सर्वश्रेष्ठ नाव ठरले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले आणि साहित्य अकादमीचे मानकरी झाले. एका आईच्या दोन मुलांनी दोन भाषांत उच्च दर्जाचे लेखन केले, यापेक्षा या प्रदेशाचे वेगळे वर्णन करण्याची गरज नाही. ‘नई दुनिया’ या इंदूरच्या हिंदी दैनिकाला प्रतिष्ठा मिळवून देणारे संपादक राहुल बारपुते घरी मराठी होते. त्यांच्या मित्रमंडळात देवासचे कुमार गंधर्व, चित्रकार विष्णू चिंचाळकर ‘गुरुजी’ आणि नाट्यकर्मी बाबा डिके होते. चित्रकलेत दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या हाताखाली ना. श्री. बेंद्रे तयार झाले. मकबूल फिदा हुसेन हेही त्याच शिक्षणपरंपरेतले. रामूभैया दाते यांची संगीताची मैफल आणि त्यांचे चिरंजीव अरुण दाते यांचा आवाज महाराष्ट्राला वेगळा सांगायला नको. या सर्वांकडे पाहून ‘मराठी माणसाने बाहेर नाव काढले’ असे म्हणून आपण सुखावतो. मला त्यात दुसरेही दिसते. ज्यांची प्रतिभा शब्दांची होती, त्यांतले बरेच हिंदीकडे गेले. त्यांना वाचक तेथे होता. चित्र आणि सूर यांना ही निवड करावी लागली नाही.

आतापर्यंतची नावे वाचून इंदूरची मराठी वस्ती म्हणजे केवळ वाड्यांतली, दप्तरांतली आणि मैफलींतली, असा समज होईल. तसे नाही. होळकर स्वतः धनगर. त्यांच्याबरोबर आलेले धनगर आणि मराठा शिलेदार माळव्याच्या खेड्यांत पसरले. महूच्या छावणीत सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. ते घर कोकणातल्या आंबडवे गावचे होते. कापडगिरण्यांनी तर शहराचा चेहराच बदलला. दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात संस्थानची स्वतःची गिरणी निघाली. मग मालवा मिल, हुकुमचंद मिल आणि इतर आल्या. अनंत चतुर्दशीला या गिरण्यांच्या कामगारांनी काढलेल्या देखाव्यांची मिरवणूक रात्रभर चाले. गणपती मराठी, देखावे सर्वांचे. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागून पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षे! तारखांवर तारखा घेणाऱ्या आम्हा वकिलांना हा आकडा खाली पाहायला लावतो. मिरवणूक मात्र गिरण्या बंद पडल्यावरही थांबली नाही.

ज्या लोहमार्गावरून आपण निघालो, तोही होळकरांच्याच पैशांचा. १८६९-७० च्या सुमारास दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा ते इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने दिले. मांडलिक राजाने सार्वभौम सत्तेला कर्ज द्यावे, हा व्यवहार इतिहासात वारंवार सापडत नाही. या मार्गाच्या काठाने शहर पुढे नैर्ऋत्येला सरकले. १९१८ मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी इंदूर दरबारासाठी नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल लिहिला. जुन्या गल्ल्या सरसकट पाडू नका, गरजेपुरती काटछाट करा आणि बाहेर झाडीबागांच्या उपनगरांत शहर वाढू द्या, असे त्यांचे सांगणे होते. प्लेगच्या दिवसांत त्यांनी दिवाळीत काढलेल्या मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती, आणि स्वच्छतेचा धडा लोकांनी उत्सव म्हणून घेतला.

वाड्यातून उपनगराकडे हे स्थलांतर मुख्यतः स्वातंत्र्यानंतरचे. संस्थान गेले, इनामे गेली, वाड्यांत भाऊबंद वाढले आणि वाटण्या झाल्या. कारकून, शिक्षक, बँकेतले, रेल्वेतले आणि वीजमंडळातले नोकरदार यांनी शहराबाहेर भूखंड घेतले. वाड्याची रचना भाषेला सोयीची होती. ओसरीवर आजोबा, माजघरात आजी, चौकात सगळ्या बिऱ्हाडांची पोरे. बाहेरची हिंदी दिंडीदरवाजाशी थांबे. उपनगरातल्या स्वतंत्र घराला कुंपण असते, पण दिंडीदरवाजा नसतो. शेजारी मराठी असतील तर मुलांचा खेळ मराठीत होतो, नसतील तर हिंदीत. म्हणून लोकमान्यनगर, राजेंद्रनगर अशा वसाहतींत मराठी कुटुंबे जाणूनबुजून एकत्र राहिली, याला मी भाषेच्या इतिहासातली महत्त्वाची घटना मानतो. वाड्याने जे आपोआप केले, ते वसाहतीला ठरवून करावे लागले. मग मंदिराच्या सभामंडपात व्याख्यानमाला, गणेशोत्सव, नाटके हे सर्व आले. ‘सानंद’सारख्या संस्थेने तर मुंबई-पुण्याची नाटके सभासदांच्या वेगवेगळ्या गटांसाठी लागोपाठ प्रयोग लावून दाखवण्याची पद्धत बसवली. महाराष्ट्रातल्या कित्येक जिल्ह्यांच्या गावी एका नाटकाला इतके प्रयोग मिळत नाहीत.

आता १ नोव्हेंबर १९५६ कडे येतो. आपल्या सीमाभागात या दिवसाचे नाव काय आहे, ते तुम्हाला सांगायला नको. त्याच दिवशी, त्याच राज्यपुनर्रचना कायद्याने, मध्य भारत विसर्जित होऊन इंदूर नव्या मध्य प्रदेशात गेले. योगायोग असा की त्याआधीच्या मध्य प्रदेशात, ज्याची राजधानी नागपूर होती, १९५० च्या कायद्याने हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याकडे गेले आणि नव्या राज्याने १९५७ च्या कायद्याने हिंदी ही राजभाषा केली. ज्या मध्य प्रदेशात मराठी राजभाषा होती, त्यात इंदूर नव्हते. ज्यात इंदूर आले, त्यात मराठी राजभाषा राहिली नाही. इंदुरात यासाठी काळा दिवस पाळला गेला नाही. पाळण्याचे कारणही नव्हते, कारण इंदूर महाराष्ट्राला लागून नव्हते, बहुसंख्येने मराठी नव्हते, आणि तसा दावा कोणी केला नाही.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर इंदूरकराच्या हाती आपल्याहूनही कमी आहे. जिल्ह्यात किंवा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हा नियम आपण सीमाभागात पाठ केलेला आहे. तो पाळला जात नाही ही तक्रार आपण करू शकतो. इंदूर जिल्हा त्या उंबरठ्याच्या जवळपासही जात नाही. राज्यभरात २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे १२ लाख, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. उरतो तो संविधानाचा अनुच्छेद ३५० क, प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याविषयीचा, आणि वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले असतील तर मातृभाषेचा शिक्षक द्यावा हे सूत्र. पण हे सूत्र मागणी करणाऱ्या पालकासाठी आहे. पालकाने मागितलेच नाही तर राज्याने नाकारले, असे म्हणता येत नाही. आपल्याकडे नाकारल्याचा पुरावा जमवावा लागतो. तेथे मागितल्याचा पुरावा जमवावा लागेल.

तेथली बोली ऐकताना मला आपली बोली सतत आठवत होती. बेळगावात आपण ‘काय करूलालास?’ विचारतो, आणि पुण्याचा माणूस हसतो. इंदूरकर ‘काय करून राहिला?’ विचारतो, आणि पुण्याचा माणूस त्यालाही हसतो. दोन्ही ठिकाणी क्रिया चालू असल्याचे सांगण्यासाठी भाषेने स्वतःची सोय केली आहे. आपण कन्नडच्या सहवासात, ते हिंदीच्या. (वऱ्हाड-नागपूरकडेही ‘करून राहिला’ आहेच, तेव्हा पुण्याने किती जणांना हसावे?) ‘लाइट चालली गेली’, ‘मी वापस आलो’ अशी वाक्ये सर्रास कानी पडतात. मला या मिश्रणाची भीती वाटत नाही. मिसळलेली भाषा बोलली जात असते. भीती वाटते ती अशा घराची, जिथे आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो आणि दोघांनाही त्यात काही वेगळे वाटत नाही. कन्नड-मराठीत हे अंतर लगेच ऐकू येते. हिंदी-मराठीत ‘पानी’ आणि ‘पाणी’ यांच्यामधल्या एका ण-काराएवढेच ते असते.

उलट दिशेनेही काही गेले आहे. आठ वेळा इंदूरमधून लोकसभेवर गेलेल्या आणि पुढे लोकसभेच्या अध्यक्ष झालेल्या सुमित्रा महाजन या चिपळूणच्या कन्येला सारे शहर ‘ताई’ म्हणते. हिंदी बोलणारा रिक्षावाला ‘दीदी’ म्हणत नाही. नात्याचा एक शब्द शहराने मराठीकडून घेतला आणि तो परका आहे हे विसरून गेले.

पुढील जनगणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ आहे. मातृभाषेच्या प्रश्नाची जनगणनेतली व्याख्या अशी आहे की व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी ज्या भाषेत बोलत असे, ती भाषा. तुम्ही आज कोणत्या भाषेत बोलता, लिहिता, व्यवहार करता, हे तेथे विचारलेले नाही. लोकमान्यनगरच्या दारात प्रगणक उभा राहील तेव्हा तो प्रश्न हिंदीत विचारील आणि घरातला माणूस उत्तरही हिंदीतच देईल. सत्तरीच्या आजोबांचे उत्तर ठरलेले आहे. चाळिशीतल्या त्यांच्या मुलाचेही ‘मराठी’ असेच यावे, कारण व्याख्येप्रमाणे ते खरे आहे, जरी तो दिवसभर हिंदीत बोलत असला तरी. दहा वर्षांच्या नातवाच्या रकान्यात काय लिहायचे, ते मात्र त्याची आई त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलते त्यावर ठरेल. घरातल्या प्रत्येकाचा रकाना वेगळा असतो. कुटुंबप्रमुखाची भाषा सर्वांच्या नावापुढे आपोआप लिहायची नसते. इंदूर, देवास, ग्वाल्हेर, जबलपूर येथे ज्यांचे नातेवाईक आहेत, अशा वाचकांनी त्यांना एवढी एक गोष्ट फोनवर आवर्जून सांगावी : प्रगणकाने नोंदवलेला रकाना वाचून पाहा.